आरशामागचा प्लग

रविवारी दुपारी मुलगा हातात एक लहानसं खोकं नाचवत मागच्या खोलीत आला, आणि पलंगावर बसलेल्या मास्तरांच्या पोटात गोळा आला. खोकं म्हणजे काय, साबणाच्या दोन वड्या मावतील एवढंच. पण गेला आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता, त्यामुळे आत काय आहे ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पुढच्या खोलीतल्या वायफायची रेंज मागच्या खोलीपर्यंत पोचत नव्हती. ती पोचवणारं यंत्र, एक्स्टेंडर की काय म्हणतात ते, त्या खोक्यात होतं. मुलाचा चेहरा नुसता फुलला होता. आजपासून बाबांच्या मागची कटकट गेली, असं तो म्हणाला. मास्तरांनी "वा वा" म्हटलं आणि पांघरूण उगाचच सारखं केलं.

आता रेंज आली म्हणून कुणाच्या पोटात गोळा येतो का? येतो. कसा, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईतले. उभा जन्म दुकानात, रस्त्याकडे तोंड केलेल्या मशीनवर गेला. नजर सुईत कमी आणि रस्त्यावर जास्त, असं त्यांची बायको म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. ती गेली, मग दुकान गेलं, आणि गेल्या वर्षी घरातल्याच पायऱ्यांवरून मास्तर घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, चालणं मात्र पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच उरलं, तेही वॉकर धरून. पायरीचं तर डॉक्टरांनी नावही काढू दिलं नाही. आणि या घराचं म्हणाल, तर ते एकदम बांधलेलं घर नव्हे, हातात पैसा येईल तसं वाढवलेलं. मागची खोली सगळ्यात शेवटी झाली. तिथली जमीन उंच, म्हणून पॅसेजमधून तीन पायऱ्या चढून तिच्यात जायचं. न्हाणीघर तिला लागून, म्हणून मास्तरांचा पलंग तिथे. पुढच्या खोलीत मुलाचं ऑफिस, तो दिवसभर कानाला यंत्र लावून कुणाकुणाशी बोलत बसलेला. पायऱ्यांच्या जागी उतार करावा म्हणून गवंड्यालाही बोलावून झालं होतं. पण पॅसेज अरुंद, आणि पायऱ्या संपल्या न संपल्या तोच वळणारा. गवंड्याने टेप लावला, पुन्हा लावला आणि हात टेकले.

मग मास्तर बाहेर यायचे तरी कसे? तर लेकीच्या कृपेने.

लेक लांब राहायची, विमानाने जावं लागेल इतकी लांब. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मागच्या खोलीत फोन धरला की बोलता बोलता तिचं तोंड उघडं राहायचं ते उघडंच, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा तुटक. म्हणून मग रोज संध्याकाळी मुलगा आणि सून मिळून मास्तरांना हात असलेल्या खुर्चीत बसवायचे, खुर्चीसकट उचलायचे, पायऱ्या उतरवायचे, वळणावर खुर्ची तिरकी करायचे आणि पुढच्या व्हरांड्यात नेऊन ठेवायचे. सून वरून पाठ धरायची, मुलगा खालून सगळा भार घ्यायचा. लेकीशी बोलणं दहाएक मिनिटांत आटपायचं. पण एवढा खटाटोप करून आणलेल्या माणसाला लगेच आत कोण नेतो? आता आलाच आहात तर बसा थोडा वेळ, असं सून म्हणायची. तो थोडा वेळ रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत चालायचा.

मास्तर दिवसाचे बाकीचे तास नुसते ढकलायचे, जगायचे ते त्या वेळात.

रस्त्यावरून माणसं जायची आणि मास्तर त्यांचे कपडे बघायचे. कुणाच्या शर्टाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या कॉलरला आतला ताठपणाचा कॅनव्हास चुकीचा लावलेला, कुणाची पॅन्ट मोठ्या भावाची हे घोट्यापाशीच कळायचं. एक बाई रोज एक कोट घालून जायची, त्याची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब होती. मास्तरांचा जीव त्या बाहीत अडकला होता. एकदा हाक मारून सांगावं, बाई, दोन मिनिटं थांबा, मी दुमडून देतो, असं त्यांना रोज वाटायचं. समोरच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाला होता, मास्तरांच्याच वयाचा, टेबलाला धरून उभा राहणारा. तो एखादा शर्ट मुद्दाम दोन बोटांत उचलून धरायचा, म्हणजे, बघा मास्तर, हल्लीच्या टेलरांची कामगिरी. मास्तर कपाळाला हात लावायचे. मग दोघंही रस्त्याच्या दोन बाजूंना पोट धरून हसायचे. शब्द एक नाही, सगळं हातवाऱ्यांवर.

हे सगळं मास्तरांनी घरात कधी कुणाला सांगितलं? छे. नाव नको. उलट मुलगा खुर्ची घेऊन आला की रोज यांचं ठरलेलं: "राहू दे रे आज, कशाला उगाच हलवतोस मला."

हे तोंडदेखलं होतं, अगदी तोंडदेखलं. मास्तरांचा तो जन्माचा स्वभाव होता. चहा विचारला की आधी नको, मग अर्धा चालेल, आणि शेवटी कप भरून. त्यांची बायको विचारायच्या भानगडीत कधी पडलीच नाही, कप समोर ठेवून निघून जायची. मुलगाही याच घरात वाढलेला, त्याला हे कळायला हवं होतं. पण हाड मोडलेल्या बापाचा नकार आणि चहाचा नकार यांत फरक असेल असं त्याला वाटलं, आणि बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? दुकानात गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की पोट आत ओढून घ्यायचं. मास्तर म्हणायचे, श्वास सोडा साहेब, नाहीतर शर्ट तुमच्या मापाचा व्हायचा नाही. आणि आता स्वतः वर्षभर पोट आत ओढून बसले होते.

मागच्या महिन्यात मास्तरांना उचलताना मुलाच्या कमरेत चमक भरली. तो पॅसेजमध्येच भिंतीला धरून खाली बसला आणि नंतर कितीतरी दिवस जमिनीवर उताणा पडून मीटिंगा करत होता. तेव्हाच सुनेने मनाशी ठरवलं. फोनवर तिकडून लेकही म्हणाली, बाबा तर स्वतःच सांगतात की मला हलवू नका, मग आपण त्यांचा छळ का करायचा, रेंजच आत नेऊ की. तिघांनी मिळून मास्तरांच्या भल्याचं ठरवलं. मास्तरांना विचारलं नाही असंही नाही. विचारलं होतं. मास्तर म्हणाले होते, तुम्हाला पटेल ते करा, मला काय.

तर रविवारची दुपार. मुलाने खोक्यातून पांढरी डबी काढली, दोन कान उभे केल्यासारख्या तिच्या दांड्या वर केल्या आणि ती पलंगाशेजारच्या प्लगमध्ये खोचली. दिवा लुकलुकला. सून माहितीचा कागद घेऊन दारात बसली आणि वाचून दाखवायला लागली. ही डबी म्हणे दोन प्रकारच्या लहरी पकडते. एक सावकाश चालते पण भिंतींतून आरपार जाते, दुसरी सुसाट पळते पण भिंत आली की ढेपाळते. म्हणजे एक बाबांसारखी आणि एक तुमच्यासारखी, असं सून नवऱ्याला म्हणाली आणि तिघंही हसले. मास्तरही हसले. हसताना त्यांची नजर दिव्यावर होती.

मुलाने फोनवर काय काय दाबलं. पासवर्ड मागितला. तो राउटरच्या बुडाला चिकटवलेला, मुलगा पुढे जाऊन वाकून वाचून आला, इथे येऊन अर्धा विसरला, पुन्हा गेला. मोठं अक्षर की छोटं यावरून नवराबायकोत थोडं वाजलं. शेवटी सगळं बसलं, डबीच्या नावाच्या दोन ओळी फोनवर उमटल्या, रेंजच्या काड्या पूर्ण भरल्या. मुलाने लेकीला फोन लावला आणि गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय, फिरतंच आहे. डबीवरचा दिवा लाल झाला.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मनातलं चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. राहू दे रे, नशिबात नाही म्हणायचं, असं ते समजुतीच्या सुरात म्हणाले. इतक्या गोड आवाजात ते गेल्या कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

पण सून हार मानणारी नव्हती. तिने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि तिकडच्या मुलीशी स्पीकरवर बोलली. ती मुलगी शांतपणे म्हणाली, जिथे रेंजच नाही तिथे डबी लावली तर ती पुढे काय पाठवणार? डबीला आधी स्वतःला नीट मिळायला हवं. राउटर आणि खोली यांच्या अधेमधे लावा, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे. आणि समोर लोखंडी कपाट किंवा आरसा असलं काही येऊ देऊ नका.

अधेमध म्हणजे पॅसेजचं वळण. मुलगा फोन हातात धरून तिथे जाऊन उभा राहिला, रेंज उत्तम. प्रश्न एकच होता, तिथे प्लग नव्हता.

म्हणजे दिसत नव्हता. होता.

तो कुठे आहे हे जगात फक्त मास्तरांना ठाऊक होतं. मुलं लहान असताना दुकानातलं उरलेलं काम ते घरी आणायचे आणि त्या वळणावर मशीन लावून बसायचे. मशीनच्या दिव्यासाठी त्यांनी तिथे प्लग करून घेतला होता. पुढे मशीन हललं, आणि दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाइकाला उभं करायचा माणूसभर उंचीचा आरसा घरी आला, तो त्याच भिंतीला टेकवून ठेवला. प्लग मागे गेला आणि बाकी सगळ्यांच्या विस्मरणात गेला. त्या आरशाचं आणखी एक होतं. खोलीचं दार उघडं असलं की पलंगावरून मास्तरांना त्या आरशात पुढच्या दाराची एक उभी पट्टी दिसायची. व्हरांड्यातला उजेड, कुणी आलं-गेलं तर त्याची सावली, कधी रस्त्यावरची एखादी सायकल. खोलीच्या खिडकीतून दिसायची ती शेजारच्या घराची भिंत, आणि तिला साधी खिडकीसुद्धा नव्हती. तेव्हा दिवसभर मास्तरांकडे जग म्हणून होती ती आरशातली पट्टी.

मुलाने खालूनच ओरडून विचारलं, "बाबा, इथे पॅसेजमध्ये कुठे प्लग होता का हो कधी?"

मास्तर गप्प राहिले. ऐकू आलं नाही असं दाखवायचं वय होतंच. नाही म्हटलं असतं तरी कोण तपासायला जाणार होतं? एवढं एक गप्प बसलं की झालं, संध्याकाळी मुलगा खुर्ची घेऊन येणार, कोटवाली बाई जाणार, इस्त्रीवाला शर्ट उचलून दाखवणार. मास्तरांनी ओठ मिटून घेतले.

मुलाने स्वयंपाकघरातून लांब वायर आणली. ती पायऱ्यांच्या तोंडाशीच आडवी यायला लागली, तेव्हा सून म्हणाली, बाबा पडले तेवढे पुरे नाहीत का, वरून घ्या. मग मुलगा स्टुलावर चढला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवरून वायर न्यायला लागला. एक हात वर, मान वाकडी, तोंडात खिळा. आणि तो तसाच थांबला. मास्तरांना तो आरशात दिसत होता. त्याचा खाली आलेला हात कमरेवर गेला, डोळे घट्ट मिटले, आणि स्टुलावरून कसं उतरावं हे न कळून तो तिथेच भिंतीला गाल लावून उभा राहिला. तोंडातून आवाज काढला नाही. आवाज काढला तर बाबांना कळेल, म्हणून नाही काढला. मास्तरांनी त्याला जन्मापासून बघितलेलं होतं, त्यांना ते स्वच्छ दिसलं.

"आरशामागे आहे," मास्तर म्हणाले. "प्लग. आरसा बाजूला करा."

पुढचं सगळं झटक्यात झालं. सुनेने नवऱ्याला हळूहळू उतरवलं, गुडघे टेकून आरसा एकटीने सरकवत नेला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. जुना प्लग धुळीने भरला होता, पण चालू होता. डबी बसली, दिवा हिरवा झाला, आणि मास्तरांच्या पलंगाशी धरलेल्या फोनमध्ये लेकीचा चेहरा इतका लख्ख उमटला की तिच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसली. लेकीने तिकडे टाळ्या वाजवल्या. बाबा, आता कधीही बोलू, असं ती म्हणाली. मास्तर म्हणाले, हो तर. दारातून त्यांनी वळणाकडे बघितलं. तिथे आता भिंत होती आणि भिंतीवर हिरवा दिवा.

त्या संध्याकाळी खुर्ची आली नाही. पलंगाशी फोन आला, दहाएक मिनिटांत संपला आणि परत गेला. बाहेर अजून चांगला उजेड असणार, असा मास्तरांनी अंदाज केला.

दुसऱ्या आठवड्यात खुर्चीही खोलीतून हलली. इथे अडगळ कशाला, असं म्हणून सुनेने ती व्हरांड्यात नेऊन ठेवली. लेक आधी सकाळ-संध्याकाळ फोन करायची, मग फक्त संध्याकाळी, मग जमेल तेव्हा. कधीही बोलता येतं म्हटल्यावर वेळ ठरवायची गरज उरली नाही. इस्त्रीवाला एकदा भेटायला आत आला, पलंगाच्या कडेला टेकला, पण त्याचं सगळं लक्ष बाहेर तापत ठेवलेल्या इस्त्रीत. दोघांना एकमेकांशी शब्दांत बोलायची सवयच नव्हती. तब्येत कशी आहे आणि बरी आहे एवढ्यावर गाडी अडली, आणि तो उठून गेला. मुलाची कंबर मात्र सुधारली. तो सरळ चालायला लागला, शीळ घालायला लागला, आणि ती शीळ ऐकली की मास्तरांना बरंही वाटायचं आणि रडूही यायचं. कुणावर चिडायचं म्हटलं तर समोर चिडण्यासारखं माणूसच नव्हतं. सगळेच मायेचे.

शेवटी न राहवून त्यांनी एकदा विषय काढला. पण काढला कसा? आपल्याच पद्धतीने. मुलगा औषध द्यायला आला तेव्हा छताकडे बघत म्हणाले, हल्ली बाहेरचं काही कळत नाही रे. बस, एवढंच. पुढचं वाक्य मुलाने ओळखावं अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या बायकोने ओळखलं असतं.

मुलाने ओळखलं, आणि फार मनावर घेतलं. दोन दिवस तो व्हरांड्यात काहीतरी ठोकत होता, खुसखुस हसत होता, सुनेला गप्प राहायच्या खुणा करत होता. मग एका संध्याकाळी तो एक टॅब घेऊन आला आणि मास्तरांच्या पांघरुणावर उभा करून ठेवला. व्हरांड्याच्या कोपऱ्यात त्याने कॅमेरा बसवला होता. आता रेंज व्हरांड्यापासून पलंगापर्यंत सगळीकडे होती. बोट फिरवून त्याने चित्र मोठं केलं, आवाज चालू केला आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.

टॅबवर रस्ता होता. जसाच्या तसा. माणसं जात होती, चपलांचे आवाज येत होते.

छान आहे हो, असं मास्तर म्हणाले. मुलाने त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि तो खूश होऊन कामाला गेला.

मास्तर बघत राहिले. कॅमेरा उंचावर होता, त्यामुळे सगळ्यांची डोकी दिसत होती, कॉलर दिसत नव्हत्या. कोटवाली बाई आली आणि गेली, बाही दिसलीच नाही. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात त्यांची खुर्ची होती, रिकामी, तिच्या एका हातावर सुनेने फडकं वाळत टाकलेलं. समोर इस्त्रीवाल्याने एक शर्ट झटकला, सवयीने दोन बोटांत उचलला आणि खुर्चीकडे बघितलं. मास्तरांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. इस्त्रीवाल्याने शर्ट खाली ठेवला.

मग तो गुडघ्यांवर हात टेकत रस्ता ओलांडून आला. टॅबमधून त्याचा आवाज ऐकू आला. मास्तर आता बाहेर येतच नाहीत का, असं तो सुनेला विचारत होता. नाही हो, त्यांना आता आतच सगळं दिसतं, सून कौतुकाने म्हणाली. इस्त्रीवाला थोडा घुटमळला. गुडघे दुखतात, उभं राहवत नाही, मग ही खुर्ची पडूनच असेल तर नेऊ का, असं त्याने विचारलं. न्या की, कुणाला लागते आहे, असं सून म्हणाली आणि फडकं काढून घेतलं.

मास्तरांनी बघितलं. खुर्ची उचलली गेली. रस्त्यावरून चालत निघाली.

"ए!" मास्तर ओरडले. असा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. पुढच्या खोलीतलं बोलणं थांबलं, पावलं धावत आली, आणि मुलगा पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, कानाला यंत्र तसंच. बाबा पडले असंच त्याला वाटलं होतं. मास्तर पडले नव्हते. ते टॅबकडे बोट दाखवत होते.

"माझी खुर्ची आहे ती. मला बाहेर बसायचंय. रोज. मला इथे गुदमरायला होतं रे."

 मुलाने कानातलं यंत्र काढलं. बापाने एखादी गोष्ट सरळ मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि ते मागणं काय आहे हे समजायला त्याला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. वर्षभर रोज ऐकलेलं ते राहू दे रे आज, त्याला आता नव्याने ऐकू येत असावं.

"बाबा, मग आधी का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू नेलं असतंस."

मुलाचा हात नकळत कमरेवर गेला. त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो घाईघाईने काढून घेतला, पण मास्तरांनी बघायचं ते बघितलं होतं. मुलगा पायरीवर खाली बसला. बसून त्याने त्या तीन पायऱ्यांकडे, अरुंद पॅसेजकडे, वळणावरच्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. गवंड्याने जसं बघितलं होतं तसंच. खालून सून आली, तिच्या हातात फोन वाजत होता, पलीकडे लेक होती. दोघांचे चेहरे बघून ती तिथेच थांबली आणि फोन कुणी घेतला नाही.

मास्तरांनी डोळे पुसले आणि टॅब जरा जवळ ओढला. रस्त्यापलीकडे इस्त्रीवाला त्यांच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होता.